कागदावर अविवाहित

३ मार्च

ठकू,

फोन करणार नाही असं मी दोन वर्षांपूर्वी बोललो होतो. पत्राबद्दल काही बोललो नव्हतो. तेव्हा ही माघार आहे असं समजू नकोस. आणि तुझ्या आईला तसं सांगूही नकोस. ती तुला रोज फोन करते हे मला ठाऊक आहे. बाथरूममध्ये जाते, नळ सोडते आणि बोलते. नळ सोडला तरी तिचं हसणं बाहेर ऐकू येतं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

कारण निघालं म्हणून लिहितोय. आपल्या इमारतीच्या ऑफिसातून नोटीस आली आहे. सगळ्या घरांचे करार नव्याने होणार. आपलं घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. तुझ्या आईचं नाव जोडायचं तर विवाह प्रमाणपत्र पाहिजे. नाव नसेल तर माझ्यामागे तिला घर सोडावं लागेल. मुदत ३० एप्रिल. मला काहीही झालेलं नाही, उगाच घाबरू नकोस. गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. पण माणूस एकसष्ट वर्षांचा झाला की असल्या नोटिशी वाचून बाजूला ठेवता येत नाहीत.

तर तो कागद सापडत नाही. तुझी आई तीन दिवस कपाटं उपसतेय. पलंगाखालच्या बॅगा काढल्या, तुझ्या शाळेच्या वह्यांचा खोका काढला, माझ्या हत्यारांच्या पेटीतसुद्धा हात घालून आली. मीही स्टुलावर चढून माळा पाहिला. तू गेलीस तेव्हा निळी फाईल घेऊन गेलीस. त्यात चुकून गेला असेल तर बघ आणि कळव.

बाकी ठीक. शेजारच्या टेलरच्या मुलीचं सासरी बिनसलं म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई निवृत्त झाल्या. तुझ्या खोलीत मी आता हत्यारं ठेवतो, पण पलंग हलवलेला नाही.

तुझ्याबरोबर राहणाऱ्या त्या चष्मेवाल्याला काही निरोप नाही.

— बाबा


१५ मार्च

ठकू,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. 'फाईलमध्ये तो कागद नाही. आई कशी आहे? तुम्ही कसे आहात?' तिसरी ओळ मी दोनदा वाचली. लिहायची गरज नव्हती, लिहिलीस. असो.

आई कशी आहे याचं उत्तर लांबलचक आहे. तिने तुला अजून काही सांगितलेलं नाही. 'मी एक अक्षर बोलणार नाही. ज्याने केलं त्याने निस्तरायचं,' असं तिने मला बजावलंय. म्हणून मी सांगतो. बसून वाच.

कागद हरवलेला नाही. तो कधी नव्हताच. मी आणि तुझी आई, इथल्या सरकारी दप्तरात, नवराबायको नाही.

मी या देशात आलो तेव्हा आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. चारशे माणसं जेवून गेली होती, तेव्हा लग्न झालं की नाही हा प्रश्नच नाही. पण गावी तेव्हा नोंदी कोण करत होतं? फोटो आहेत, बस्स. इकडे कंपनीला एकटे पुरुष हवे होते. आठ-आठ जण एका खोलीत ठेवायचे होते ना, संसार कुठे मांडणार! एजंट म्हणाला, 'अविवाहित लिही, कोण बघतंय?' मी लिहिलं. दोन वर्षांनी तुझ्या आईला आणलं ते हॉस्पिटलच्या शिवणखात्यातल्या नोकरीवर. तिचा फॉर्म मीच भरला. तिला तेव्हा इथली भाषा वाचता येत नव्हती. विवाहित लिहिलं असतं तर कोणाशी ते लिहावं लागलं असतं, आणि तो 'कोणाशी' आधीच अविवाहित म्हणून बसलेला. मग तिच्याही पुढे अविवाहित लिहिलं. बोट ठेवलं तिथे तिने सही केली. हे काय आहे म्हणून तिने विचारलं होतं. मी म्हणालो, तात्पुरतं आहे, नंतर बदलून घेऊ.

मग तू झालीस. मग दुरुस्ती करायला गेलो तर खोटं लिहिलं म्हणून परत पाठवतील ही भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो, आणि एकदा गप्प बसलं की वर्षं भराभर जातात. ती समजून चालली होती की मी ते कधीच बदलून आणलंय. म्हणजे ते तीन दिवस ती जो कागद शोधत होती तो नाही, हे मला माहीत होतं. आणि तरी मी स्टुलावर चढून माळा बघत होतो. हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहितोय.

परवा ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या पोरीने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. याच्यापुढे अविवाहित, हिच्यापुढे अविवाहित. तुझ्या आईला आता वाचता येतं. तिने वाचलं. पर्स बंद केली, त्या पोरीला थँक यू म्हणाली. बसमध्ये माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसली. आपला स्टॉप आला तेव्हा मागे वळून म्हणाली, 'मिस्त्री, उतरायचंय.'

तेव्हापासून मी मिस्त्री, लिफ्टच्या कामावर म्हणतात तसा. अहो नाही, ऐकलंत का नाही. 'परक्या पुरुषाला अहो कशाला म्हणू?' चहा देते, पण म्हणते शेजारधर्म म्हणून देतेय. आणि काल जेवताना एकदम म्हणाली, 'चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. ज्या गोष्टीसाठी माझी पोर दोन वर्षं दाराबाहेर ठेवलीत, ती तुम्ही तेहतीस वर्षं करताय.' मी म्हणालो, आपलं लग्न झालेलं आहे. तर म्हणाली, 'दाखवा.'

काय दाखवू?

— बाबा


२८ मार्च

ठकू,

यावर उपाय निघाला आहे. लग्ननोंदणीच्या ऑफिसातले लोक म्हणाले, तेहतीस वर्षांपूर्वी काय लिहिलं त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. तुमच्या गावी झालं असेल लग्न, आमच्या हिशेबी हे पहिलंच. इथे नव्याने करा, लगेच प्रमाणपत्र मिळेल. २४ एप्रिलची तारीख मिळाली आहे. दोन साक्षीदार लागतात.

मी म्हणालो, टेलर आणि ड्रायव्हर आहेत, दोघं माझे तीस वर्षांचे मित्र. तुझी आई म्हणाली, 'तुमचे मित्र तुमच्या लग्नाला बोलवा. माझ्या लग्नाला माझी मुलगी आणि तिचा तो येतील. नाहीतर मी सही करत नाही.' मी म्हणालो, अगं, माझ्यामागे घर जाईल. म्हणाली, 'जाऊ दे. लेकीकडे राहीन. तिच्याकडे लग्नाचा दाखला विचारत नाहीत.' आणि एवढ्यावर थांबली नाही. मी स्वतः तुमच्या घरी यायचं, तुमच्या टेबलाशी बसून जेवायचं आणि दोघांना तोंडाने बोलवायचं. माझ्यातर्फे ती तुम्हाला बोलावणार नाही म्हणजे नाही.

ठकू, तू मोठी आहेस, समजून घे. मी जे दोन वर्षांपूर्वी बोललो, 'लग्न करून ये, नाहीतर येऊ नकोस,' ते चार लोकांसमोर बोललो. टेलर होता, त्याची बायको होती. आता मीच तुमच्या दारात उभा राहिलो तर कसं दिसेल? म्हणून मधला मार्ग सुचवतो. तू २४ ला ये. साक्षीला तू आणि टेलर. तो चष्मेवाला हवा तर बाहेर बाकावर बसेल, माझी काही हरकत नाही. जेवणाचं नंतर बघू. आईला तू समजाव, तुझं ऐकते.

माझा काही तुझ्यावर राग आहे असं नाही. मला फक्त एवढं कळत नाही की तुम्हा मुलांना लग्नाचं एवढं वावडं का. आपल्या जिन्यावर वाढलेली, तुला धरून, अकरा मुलं मी परवा लिफ्टच्या कामावर असताना मोजली. टेलरच्या मुलीचं थाटात झालं, वर्षाच्या आत परत आली, पण टेलर अजून सगळ्यांना सासरी आहे म्हणून सांगतो. ड्रायव्हरचा थोरला एका मुलीबरोबर राहतो, आईबापांना सांगितलंय की भाडं वाटून घेतो. आता तिला दिवस गेलेत, ते कसं वाटून घेतलं ते ड्रायव्हर विचारत नाही. नर्सबाईंच्या जुळ्यांपैकी एकाने फोनच्या पडद्यावर बघून गावाकडची मुलगी आणली, बरं चाललंय. दुसरा पस्तिशीचा झाला, 'बघू' म्हणतो. अकरांत लग्नाची चार, बिनलग्नाची पाच, आणि दोघांचं काय ते त्यांचे आईबाप कोणाला सांगत नाहीत. त्या न सांगणाऱ्यांत मी एक. मी लोकांना सांगतो, मुलगी परगावी नोकरीला आहे. चार स्टॉपवर राहतेस.

त्या चष्मेवाल्याची आईसुद्धा त्यांच्या लोकांत तुला भाडेकरू म्हणते, असं कळलं. ऐकून मला राग आला. माझ्या मुलीला भाडेकरू म्हणणारी ही कोण? मग तुझ्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडला.

२४ चं कळव.

— बाबा


१० एप्रिल

ठकू,

तेरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मागचं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. एखाद्याला बाकावर बसवून लग्नाला बोलवतात का? तुझी आई म्हणते, 'मिस्त्री, तुम्हाला दार बंद करायचं तेवढं येतं, उघडायचं येत नाही, आणि पगार लिफ्टची दारं उघडायचा घेता.' तीही आता माझ्याशी कामापुरतंच बोलते. शिवणखात्यातून आली की शिवणच घेऊन बसते. १४ दिवस उरलेत आणि तिने अर्जावर सही केलेली नाही. अर्ज फ्रिजवर ठेवलाय. मी रोज जाता-येता बघतो.

पण आज लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी.

मूल आधीच असलेल्या जोडप्यांना लग्नाच्या अर्जाला मुलाच्या जन्मनोंदीची प्रत जोडावी लागते. त्यासाठी वेगळा गुलाबी फॉर्म आहे, म्हणजे आमच्यासारखे पुष्कळ असणार. आज दुपारी कामावरून सुट्टी घेऊन ती प्रत आणायला गेलो. नोंदीत एक रकाना आहे. 'आईवडील विवाहित आहेत काय?' त्यापुढे 'नाही'. ते मला माहीत होतं, मीच सांगितलं होतं तेव्हा. पण खाली प्रती कोणाला दिल्या त्याची यादी असते. माझ्याआधी एकच नाव. तुझं. दोन वर्षांपूर्वी, ११ एप्रिल.

मी तिथल्या माणसाला विचारलं, ही कशासाठी नेली होती? तो म्हणाला, दोघांच्या नावावर घराचा करार करायचा होता असं लिहिलंय.

तू मला चष्मेवाल्याबद्दल सांगितलंस ते १४ एप्रिलला. मला तारीख पाठ आहे. म्हणजे तेव्हा तो कागद तुझ्याकडे तीन दिवस होता. आणि मी आपल्या बाहेरच्या खोलीत उभा राहून, टेलर आणि त्याची बायको बसलेली असताना, तुला काय काय बोललो. लग्नाशिवाय राहणाऱ्यांना काय म्हणतात ते बोललो. तुमच्या पोरांना काय नाव लावणार ते बोललो. आईबापांनी तुला हे शिकवलं का, असंही बोललो. तू दारापाशी उभी होतीस. तुझा हात पिशवीच्या चेनवर होता. मला वाटलं, रुमाल काढतेयस.

तो कागद पिशवीत होता ना? नसेल तरी घरी होता. एक वाक्य बोलली असतीस तर टेलरसमोर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. आईसमोरही. तू बोलली नाहीस. तेव्हा नाही, नंतर दोन वर्षांत नाही. मी पत्रात 'कागद शोध' म्हणून लिहिलं तेव्हाही नाही. फक्त 'फाईलमध्ये नाही' एवढं लिहिलंस. आणि वर विचारलंस, तुम्ही कसे आहात.

नोंदणी ऑफिसाच्या बाहेर पायऱ्या आहेत. त्यांवर बसून मी रडलो. एक बाई थांबून विचारायला लागली काही मदत हवी का. मी म्हणालो, मुलीची आठवण आली. ती म्हणाली, लांब असते का? मी म्हणालो, चार स्टॉप.

आता सांगायला बसलोच आहे तर आणखी एक सांगतो. तुमच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे. ती आमच्यातल्या दुसऱ्या मिस्त्रीच्या यादीत होती, मी मागून घेतली. बदल्यात त्याच्या दोन कटकटीच्या लिफ्ट घेतल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी येतो. चौथ्या मजल्याच्या दाराचं रबर नवीन घातलंय, ते मी घातलंय. तुमच्या दारावरच्या पाटीवर दोघांची आडनावं आहेत, तुझं आधी. मी पाहिलीय. बेल कधी वाजवली नाही.

मागच्या वर्षी एकदा तळमजल्यावर पॅनेल उघडून डोकं आत घालून बसलो होतो. मागून तुझा आवाज आला, इथल्या भाषेत, 'अजून किती वेळ लागेल?' मी बोललो असतो तर आवाज ओळखला असतास. म्हणून दोन्ही हात मागे करून दहा बोटं दाखवली. तू 'ठीक आहे' म्हणालीस आणि दोन भरलेल्या पिशव्या घेऊन चार मजले चढून गेलीस. वर पोचेपर्यंत तुझी पावलं मी ऐकली. काम दोन मिनिटांचंच राहिलं होतं, ठकू. मी तुला उगाच चढवलं.

मी चुकलो. लिफ्टचं म्हणत नाहीये. ते सगळंच. तो कागद खोटा लिहिला ते चुकलो, तो लपवला ते चुकलो, आणि तुला जे बोललो ते सगळ्यांत जास्त चुकलो. तुझं लग्न झालेलं असो, नसो, कधीच न होवो, तू माझी मुलगी आहेस आणि माझ्या घरात तुला येता आलं पाहिजे. हे मी टेलरसमोरही बोलेन. आज संध्याकाळी त्याच्याकडे जाणारच आहे.

येत्या रविवारी एक वाजता मी तुमच्याकडे येतो. तुझी आई म्हणते म्हणून नाही. तिला हे पत्र दाखवलेलं नाही. जेवायला काही विशेष करू नका. घरी नसाल तर जिन्यात बसतो.

— बाबा


२७ एप्रिल

ठकू,

आता आपण बोलतो, तरी हे पत्र लिहितोय, कारण दोन-तीन गोष्टी तुझ्यामागे झाल्या आणि त्या तुला माहीत असाव्यात. तोंडाने सांगायला गेलो तर मी त्यांची चेष्टा करून टाकीन.

पहिली त्या रविवारची. तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हाची. तुमच्या त्या घडीच्या टेबलाशी तुझा चष्मेवाला आणि मी समोरासमोर बसलो होतो. त्याने एकदम हात पुढे करून माझा चष्मा काढला. विचारलं नाही, काही नाही. दांडी वाकवली, काच शर्टाला पुसली, परत माझ्या नाकावर ठेवला. चष्मा सारखा घसरायचा, मला वर्षभर वाटत होतं की नाकच बसकं झालंय. मग मी विचारलं, 'लग्नाचं काय ठरवलंय तुम्ही?' तोंडातून निघून गेलं, सवयच ती. तो म्हणाला, 'अजून ठरवलं नाही. आम्हाला घाई नाही. तुम्हाला असेल तर सांगा.' मी चष्मा हाताने चाचपला. म्हणालो, 'नाही, मला घाई नाही.' तेवढ्यात तू पाणी घेऊन आलीस. तू विचारलंस काय बोलत होतात, तर आम्ही चष्म्याचं सांगितलं. अर्धं खरं होतं.

टेलरकडे मी गेलो होतो तेही सांगायचं राहिलं. माझं सगळं ऐकून तो बराच वेळ मशीनचं चाक हातानेच फिरवत बसला. मग म्हणाला, 'माझी मुलगी आतल्या खोलीत आहे. आठ महिने झाले.' तिला बाहेर बोलावलं. आम्ही तिघांनी चहा घेतला.

आता २४ तारखेचं. तू सगळं पाहिलंस, पण तुझी आई बसमध्ये काय म्हणाली ते तुला माहीत नाही. त्या अधिकारी बाईंनी मला विचारलं, 'तुम्ही स्वतःच्या मर्जीने हे लग्न करताय का?' मी झटकन हो म्हणालो. मग तिला विचारलं. ती गप्प. मला वाटलं ऐकू आलं नसेल. बाईंनी पुन्हा विचारलं. ती खिडकीकडे बघतेय. ठकू, मुदतीला सहा दिवस राहिलेले, पण खरं सांगतो, त्या वेळी घर-बिर काही डोक्यात नव्हतं. ही नाही म्हणाली तर? एवढंच होतं. आणि मग तिने तुलाच विचारलं, 'काय करू गं?' आणि तू, कार्टे, एवढ्या गंभीर तोंडाने म्हणालीस, 'आधी थोडे दिवस राहून बघ.'

'राहूनच बघितलंय तेहतीस वर्षं,' ती म्हणाली, 'घोरतो.' तुम्ही तिघं हसत होतात. बाईंना काही कळेना, त्या बिचाऱ्या पेन धरून बसलेल्या. मी हसलो नाही. ती हो म्हणेपर्यंत मला हसता आलं नाही.

बसमध्ये या वेळी माझ्या शेजारी बसली. मी म्हणालो, 'एवढा वेळ का लावलास? जीव गेला माझा.' ती म्हणाली, 'गावी लग्न झालं तेव्हा मला कोणी विचारलंच नव्हतं. थोरल्या काकांनी सांगितलं, अमुक तारखेला आहे. आता पहिल्यांदा कोणी विचारलं, तर जरा विचार करून सांगावं म्हटलं.' मी म्हणालो, 'विचारलं तर मलाही नव्हतं.' म्हणाली, 'तुम्ही नाही म्हणू शकला असतात.' ते खरं आहे. पुढे म्हणाली, 'विचार केला आणि हो आलं. आलं म्हणून म्हटलं.' आपल्या स्टॉपवर आम्ही बरोबर उतरलो. मिस्त्रीच म्हणते अजून, जिभेला सवय झाली म्हणे.

आणि शेवटची गोष्ट. तू सही करून आईला घेऊन फोटोसाठी बाहेर गेलीस. साक्षीदाराच्या कागदावर तुझ्यापुढे 'मुलगी' लिहिलेलं होतं. त्याच्या कागदावर नात्याच्या रकान्यात तीन चौकोन होते: नातेवाईक, मित्र, इतर. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गुपचूप 'इतर'वर खूण केली, सही केली आणि कागद पुढे सरकवला. सांगून ठेवल्यासारखा. माझ्याच मार्चमधल्या पत्राने सांगून ठेवलं होतं म्हणा, बाकावर बस म्हणून. ते तू त्याला वाचून दाखवलं होतंस की नाही ते मला विचारायचं नाही.

मी कागद परत मागितला. 'इतर' खोडलं आणि 'नातेवाईक'वर खूण केली. कारकून म्हणाला, 'हे तुमच्या मुलीचे पती आहेत का?' मी म्हणालो, नाही. 'मग हे नातेवाईक कसे होतात?' मी म्हणालो, 'साहेब, आज सकाळपर्यंत तुमच्या दप्तरात माझी बायको माझी कोणी नव्हती. तेहतीस वर्षं ती माझी कोण होती ते मला माहीत आहे. तसाच हाही माझा कोण आहे ते मला माहीत आहे.' तो माणूस भला होता. म्हणाला, 'खाडाखोड चालेल, पण ज्याने केली त्याने बाजूला पूर्ण सही करायची. मग ती तुमची जबाबदारी. नक्की ना?'

तुझ्या आईने हो म्हणायला घेतला तेवढा वेळ मी घेतला नाही.

— बाबा